तेओफिलचा नकार

पहिल्या गाईनं बर्फ चाटला तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि बघता बघता कुंपणाच्या फटीतून अख्खा कळप उतारावर उतरला. गव्हाळ रंगाच्या, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या त्या गाई माना खाली घालून, जुलैच्या उन्हात अंथरलेला हिवाळा सावकाश चाटून साफ करू लागल्या. पॅरिसहून दोन ट्रक भरून आणलेल्या त्या बर्फात निम्मं मीठ होतं आणि निम्मी संगमरवराची भुकटी. भुकटीबद्दल गाईंची काही तक्रार दिसत नव्हती.

"कुणीतरी हाकला त्यांना," दिग्दर्शक यान म्हणाला. तो ब्रिटनीचा, समुद्रकाठी वाढलेला. स्वतः मात्र तो कॅमेऱ्यामागून हलला नाही.

तंत्रज्ञांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, एकानं टोपी हलवली. गाईंनी मान वर करून टोपीकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

शेवटी चित्रपटाचा निर्माता उठला. बाझिल कांतालूबनं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या सारल्या, आणि हात तोंडाशी नेऊन घशातून एक लांब, वर चढत जाणारी हाक दिली. अशी हाक त्यानं सत्तेचाळीस वर्षांत दिली नव्हती. गाईंचे कान उभे राहिले. म्होरकी वळली, तिच्यामागे सगळ्या वळल्या, आणि ओठांवरचा बर्फ जिभेनं पुसत कळप आल्या वाटेनं परत चालू लागला. पॅरिसमध्ये या माणसाला भेटायला आठ दिवस आधी वेळ घ्यावी लागे, हे ठाऊक असलेली मंडळी बघतच राहिली.

गाईंचा मालक पेलाप्रा कुंपणावर कोपरं टेकून मजेत उभा होता.

"आमच्या गाईंना तुझं पॅरिसचं मीठ आवडलेलं दिसतंय, बाझिल."

"तुझं कुंपण कधी नीट होणार रे? तुझ्या बापाच्या वेळेपासून हीच फट आहे."

"तू परत आलास की वाट चुकू नये, म्हणून ठेवलीय."

झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या बेसियेर बाई हे सगळं छत्रीखालून बघत होत्या. वय शहाऐंशी, पाठ ताठ, डोक्यावर काळी स्ट्रॉची टोपी. रूव्हेलाक गावच्या या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे पन्नाशी उलटलेली माणसंसुद्धा त्यांच्यासमोरून जाताना खिशातले हात बाहेर काढत. आज बर्फावर जे चित्रीकरण व्हायचं होतं ते बाईंचंच होतं. तरुणपणीच्या बेसियेर बाई एका हुशार पोराला शिकायला पाठवा असं सांगण्यासाठी, बर्फातून दोन तास चालत त्याच्या बापाच्या शेतावर जातात, असा तो प्रसंग. बाईंचं काम करणारी ओंदिन नावाची नटी टाचांचे तपकिरी बूट घालून तयार उभी होती.

"अगं मुली," बाईंनी तिला जवळ बोलावलं. "या बुटांनी मी शाळेच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचले नसते."

"मग काय घालायचात तुम्ही?"

"लाकडी जोडे. आत वाळलेलं गवत कोंबून. आणि घाईघाईनं चालू नकोस. बर्फात घाई करणारा माणूस पठारावरचा नसतो."

ओंदिननं तिथल्या तिथं बूट काढले आणि पेलाप्राच्या बायकोचे लाकडी जोडे मागून आणले.

बर्फाचा प्रश्न उरलाच होता. तो गावानं सोडवला. खाणावळवाल्या मेलानीनं आधी आपल्या घरातल्या पिसांच्या दोन रजया आणून उसवल्या. ते बघून बाकीच्या बायका कशाला मागे राहतील? दुपारपर्यंत निम्म्या गावाच्या रजया रिकाम्या झाल्या आणि उतार पांढराशुभ्र दिसू लागला. एका झुळकेसरशी सगळा हिवाळा कंबरेएवढा वर उडाला तेव्हा यान कपाळाला हात लावून म्हणाला, "बाझिलच्या गावात बर्फ खालून वर पडतो." पण वारा पडल्यावर शॉट मिळाला, आणि चांगला मिळाला.

*

बाझिल रूव्हेलाकमधून बाहेर पडला तो एकोणीसशे वीस साली, चौदाव्या वर्षी, रोदेझच्या शाळेत शिष्यवृत्तीवर. तिथून पॅरिस. काही वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, आणि एकोणतिसाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहिली ती या गावावर. पठारावरच्या शेतकऱ्याचा एकुलता मुलगा, त्याच्यातलं काहीतरी ओळखणारी बाई, मुलाला शेतावरून सोडायला तयार नसलेला बाप, आणि अखेर 'मुलगा जाईल' असं सांगणारा शहाणा आजोबा. त्या पुस्तकातलं बापाचं प्रकरण पुढे पाठ्यपुस्तकांतही गेलं. बाप टेबलावर मूठ आपटतो आणि तीनदा म्हणतो, नाही, नाही, नाही. फ्रान्समधल्या निदान दोन पिढ्या त्या बापाला घाबरत मोठ्या झाल्या.

शेवटच्या प्रकरणात बाई न्यूमोनियानं मरतात आणि सगळं गाव रडतं. त्यामुळे एक भलतीच गोष्ट झाली. वाचक लांबून लांबून रूव्हेलाकला येऊन बाईंची समाधी शोधू लागले. शाळेशेजारचं दार ठोठावत, आणि दार उघडत स्वतः बेसियेर बाई. सुरुवातीला त्या खरं सांगत. मग समोरच्या माणसाचा पडलेला चेहरा बघवेना, म्हणून त्या फुलं घेऊन आलेल्यांना एका कर्नलच्या विधवेच्या थडग्याकडे पाठवू लागल्या. त्या विधवेला आयुष्यात कुणी फूल दिलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

गाव पहिली दोन वर्षं पुस्तकावर चिडून होतं. नंतर जो तो त्यात आपण कुठे आहोत ते दाखवू लागला. मेलानी तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाढता वाढता सांगायची की चौथ्या प्रकरणातली, नदीत पाय सोडून बसलेली मुलगी ती आपणच. हिशोब केला तर त्या वेळी ती पाळण्यात होती, पण तिच्या हातचं आलिगो खाताना हिशोब कोण करतो? बटाटा आणि चीज घोटून ती पळीनं हातभर वर ओढायची, आणि तार तुटायच्या आत समोरच्याचं ताट पुढे यायचं.

सिनेमाचं खूळ बाझिलच्या डोक्यात नंतर शिरलं. त्याच्या दुसऱ्या कादंबरीवर दुसऱ्या कुणीतरी चित्रपट काढला. त्यात त्याच्या नावाड्याला डॉक्टर करून टाकलं होतं आणि शेवटी एक लग्न लावून दिलं होतं. आपल्याच गोष्टीत तो पाहुण्यासारखा बसून राहिला. बाहेर पडल्यावर बायकोला म्हणाला, "यापुढे माझी माणसं मीच बिघडवीन." सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यानं स्वतःची कंपनी उघडली. पहिल्या चित्रपटासाठी मागून आणलेली नाव मध्यावरच पाण्यात बसली. त्यानं तेही चित्रित करून घेतलं, आणि समीक्षकांनी नेमकं तेवढंच वाखाणलं. आता त्याच्या नावावर अकरा कादंबऱ्या होत्या आणि नऊ चित्रपट.

पहिल्या कादंबरीला मात्र त्यानं हात लावला नव्हता. कुणी विचारलं की म्हणायचा, "त्यातला बाप करील असा नट कुठं आहे?" खरं कारण वेगळं होतं. बाप, तेओफिल कांतालूब, अडतीसच्या हिवाळ्यात गेला. पुस्तक निघाल्यानंतर तीन वर्षं तो जिवंत होता. दर उन्हाळ्यात बाझिल घरी यायचा. दोघं दाराबाहेरच्या बाकावर बसायचे आणि गाईंबद्दल, गवताबद्दल बोलायचे. पुस्तकाबद्दल बापानं कधी अवाक्षर काढलं नाही. पुस्तक त्याच्यापर्यंत पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि म्हणूनच तो गप्प असेल. यांतलं वाईट कोणतं, ते बाझिलला कधी ठरवता आलं नाही.

एकसष्टावं लागलं तेव्हा बायको म्हणाली, आता नाही तर कधी? बापाचं काम करायला ओनोरे व्हियालसारखा मोठा नट तयार झाला, पण त्याला फक्त जुलै मोकळा होता. म्हणून हा उन्हाळ्यातला हिवाळा.

*

बापाच्या नकाराचं चित्रीकरण बाझिलच्या जुन्या घरातच ठेवलं होतं. घर आता चुलतभावाकडे होतं, पण स्वयंपाकघर तसंच होतं: लांब टेबल, दोन बाकं, माणूस आत उभा राहील एवढी मोठी चूल. उन्हाळ्यात ती चूल पेटवल्यामुळे सगळे घामाघूम झाले होते. बेसियेर बाईंना दाराजवळ खुर्ची दिली होती. त्यांनी टोपी काढली नव्हती.

यान म्हणाला, "चला."

आजोबांचं काम करणारा म्हातारा नट चुलीशी बसला होता. बापाच्या वेशातला व्हियाल टेबलाशी उभा राहिला. समोर छोट्या बाझिलचं काम करणारा मुलगा. ओंदिननं आपलं बोलणं संपवलं. व्हियालनं मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून मूठ आपटली.

"नाही," तो गरजला. "नाही. हा मुलगा जाणार नाही. नाही."

चिमणीतून काजळी खाली आली. मुलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि त्या शांततेत दाराजवळून एक बारीक, किनरं हसू ऐकू आलं.

"कट," यान म्हणाला. "कोण हसलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पुन्हा एकदा झालं. मूठ, काजळी, नाही, नाही, नाही. या खेपेला बाईंनी रुमाल तोंडात धरला होता, पण त्यांचे खांदे हलत होते, आणि खुर्ची जुनी असल्यामुळे तीही त्यांच्याबरोबर कुरकुरत होती. ध्वनिमुद्रकानं कानांवरचे हेडफोन काढले आणि निर्मात्याकडे बघितलं.

"बाई," बाझिल जवळ येऊन हळूच म्हणाला, "जरा बाहेर येता?"

शाळेत असं फक्त त्या त्याला म्हणायच्या. त्या उठल्या आणि त्याच्या हाताला धरून अंगणात आल्या. दगडी हौदाच्या काठावर दोघं बसली.

"शॉट वाया गेला, बाई. दोन वेळा."

"कळलं मला. मी काय मुद्दाम हसले?" त्यांनी डोळे पुसले. "तो बिचारा चांगला ओरडतो. पण पोराकडं बघून कशाला ओरडतो? पोरावर ओरडायचं काय काम होतं? तेओफिल तुझ्या आजोबाकडं बघून ओरडत होता. आणि म्हाताऱ्याला चुलीशी कशाला बसवलंत? डाव्या कानानं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून त्याला त्या दिवशी मुद्दाम टेबलाच्या टोकाला बसवला होता. उजवा कान तेओफिलकडं."

"मुद्दाम? कुणी बसवला?"

बाईंनी रुमालाची घडी घातली. घडी मनासारखी झाली नाही, तेव्हा मोडून पुन्हा घातली.

"मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "सांगणार नाही असा. हसणार नाही असा नव्हता दिला. पण आता हसलेच आहे."

बाझिल त्यांच्याकडे वळून बसला.

"तू पुस्तकात मला बर्फातून चालवलंस. अरे, मी तुमच्या घरी आले तेव्हा बर्फ वितळून गेला होता. गुडघाभर चिखल होता. तुला चिखल शोभेना, बर्फ घातलास. असू दे. पण त्याच्या आधीच्या गुरुवारी खरंच बर्फ पडत होता. शाळेला सुटी होती. आणि त्या बर्फातून दोन तास चालत एक माणूस माझ्या दाराशी आला. घरी सांगून आला होता की जोड्यांना खिळे मारून आणतो."

"कोण?"

"तुझा बाप. टोपी हातात धरून उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना, म्हणाला जमीन ओली होईल. आणि मग म्हणाला, बाई, माझ्या पोराला इथून न्या."

घरातून यानचा आवाज आला. तो कुणाला तरी दिवे बंद करायला सांगत होता.

"तो युद्धावर असताना तू त्याला पत्रं लिहायचास," बाई पुढे म्हणाल्या. "मीच लिहायला लावायचे, दर आठवड्याला एक. कुठल्या गाईनं काय केलं, आजोबा कुणावर चिडले. तेओफिलला वाचता फारसं यायचं नाही. त्यांच्या तुकडीतला एक हवालदार ती मोठ्यानं वाचायचा. आधी दोघं-तिघं ऐकायचे, मग सगळेच गोळा व्हायला लागले. एकदा तुझं पत्र यायला उशीर झाला, तर शेजारच्या तुकडीतला माणूस खंदकातून वाकत वाकत विचारायला आला, त्या लंगड्या गाईला वासरू झालं का म्हणून. हे मला तेओफिलनं सांगितलं. म्हणाला, हे पोरगं मी गाईंमागं ठेवलं तर त्या लोकांना काय तोंड दाखवू?"

बाझिलनं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, पण डोळ्यांवर परत चढवला नाही.

"मग आजोबांना सरळ सांगायचं होतं त्यांनी."

"तुझ्या आजोबाला? तेओफिल म्हणाला पाऊस पडतोय, की म्हातारा म्हणायचा आभाळ स्वच्छ आहे. चाळिशीचा बाप्या, छातीवर पदक घेऊन आलेला, पण बैल कुठला विकायचा ते म्हातारा ठरवायचा. तेओफिल जे म्हणेल त्याच्या बरोबर उलट. गावात सगळ्यांना ठाऊक होतं ते. तेव्हा तेओफिलला एकच करण्यासारखं होतं. आपण नाही म्हणायचं. असं म्हणायचं, की म्हाताऱ्याला घरात मालक कोण ते दाखवल्याशिवाय राहवू नये."

"आणि तुम्ही..."

"मी? मला शिकवलं तसं केलं. त्यानं सगळं बसवून घेतलं माझ्याकडून. मंगळवारी यायचं, कारण सोमवारी बाजार करून म्हातारा दमलेला असतो आणि मंगळवारी भांडायला ताजा होतो. आल्यावर नमस्कार म्हाताऱ्याला करायचा, तेओफिलकडं बघायचंसुद्धा नाही. मी काय बोलायचं ते तीनदा म्हणवून घेतलं. मला म्हणाला, बाई, तुम्ही फार गोड बोलताय. म्हातारा आधीच पाघळला तर मला ओरडायला जागा राहणार नाही."

बाझिलच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की आणखी काही, ते त्यालाही कळलं नसावं.

"तीन वेळा नाही," तो म्हणाला.

"तीन त्यानंच ठरवले. दोनात म्हातारा पेटणार नाही, म्हणाला, आणि चार केले तर संशय येईल."

आता मात्र बाझिल उघड हसू लागला. हौदाच्या काठावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो हसला, थांबला, पुन्हा हसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन-तीन डोकी बाहेर आली आणि आत गेली. बाईंनी घडी घातलेला रुमाल त्याच्या हातात दिला.

"पुस्तक," तो डोळे पुसत म्हणाला. "पुस्तक त्यांनी..."

"ऐकलं. मीच वाचून दाखवलं. पस्तीस सालच्या हिवाळ्यात, दर गुरुवारी एक प्रकरण. चीज गुंडाळायच्या फडक्यात पुस्तक बांधून आणायचा. ते नकाराचं प्रकरण दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, दुखावला असेल. दुसऱ्यांदा संपल्यावर मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, म्हाताऱ्याला खरं वाटलं ते सोडा, बाई, पोरालासुद्धा खरं वाटलं." बाईंनी तशीच थाप स्वतःच्या मांडीवर मारून दाखवली. "इतका खूश झालेला मी त्याला कधी पाहिला नाही. शेवटच्या प्रकरणात मी मेले तेव्हा मात्र रडला. समोर बसून मीच वाचत होते. डोळे पुसून मला म्हणाला, फार चांगल्या होतात तुम्ही."

"मला का नाही सांगितलं? आजोबा तर केव्हाच गेले होते."

"मी म्हटलं होतं त्याला, आता सांग. म्हणाला, नको. पोरानं एवढं छान लिहिलंय, त्यात आपण खोट काढायची? पुस्तक बिघडेल."

अंगणातल्या कोंबड्या बाझिलच्या बुटांभोवती टिपत फिरत होत्या. त्यानं चष्मा घातला.

"मग बाई, हे बदलायचं? अजून बदलता येईल. शेवटी सगळं उघड करता येईल लोकांपुढे."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "माणसानं एवढी मेहनत घेऊन बसवलेला खेळ, तू येऊन उघडा पाडणार?"

ते त्याला पटलं असावं. तो उठला. हात देऊन त्यानं बाईंना उभं केलं, आणि दाराशी पोचल्यावर थांबला.

"आजोबा 'जाईल' म्हणाले, त्यानंतर वडिलांनी काय केलं?"

"तू तिथंच होतास की."

"मी आजोबांकडं बघत होतो."

"चुलीकडं तोंड करून बसला. चिमट्यानं लाकडं सारत. मी निघाले तरी वळून बघितलं नाही."

"मी लिहिलंय ते. बापानं आमच्याकडं पाठ फिरवली."

"हो," बाई म्हणाल्या. "पाठ बरोबर लिहिलीयस."

*

आत आल्यावर निर्मात्यानं सगळ्यांची क्षमा मागितली आणि आजोबांची खुर्ची स्वतः उचलून टेबलाच्या टोकाशी नेली. यानची तक्रार होती की तिथे प्रकाश चांगला नाही.

"माझ्या घरात कोण कुठं बसायचं ते मला ठाऊक आहे," बाझिल म्हणाला. पण इतक्या आनंदानं म्हणाला, की यान वाद घालायचा विसरला आणि दिवे हलवायला सांगितले.

मग बाझिल व्हियालला खिडकीशी घेऊन गेला. त्याच्या कानाशी तो काहीतरी बोलत होता, बराच वेळ. मोठा नट मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्यानं मान वर केली, आजोबांच्या खुर्चीकडे बघितलं, मग दाराजवळच्या म्हाताऱ्या बाईंकडे. बाईंनी त्याला शाळामास्तरणीसारखी गंभीर मान हलवून दाखवली.

"हे कुणाला सांगायचं नाही?" व्हियालनं विचारलं.

"नाही."

"पण शेवटी कॅमेरा माझ्या पाठीमागं आहे. तोंड दिसणारच नाही."

"नको दिसायला."

व्हियालनं हाताच्या मुठीकडे एकदा बघितलं, ती उघडली, मिटली, आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

यान म्हणाला, "चला."

ओंदिननं लाकडी जोड्यांत उभी राहून आपलं बोलणं म्हटलं, जरा कमी गोड. व्हियालनं मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हाताऱ्याच्या उजव्या कानाच्या दिशेनं वाकला आणि टेबलावर मूठ आपटली. पहिला नकार रागाचा होता. दुसऱ्याच्या आधी तो किंचित थांबला, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर न काढता, जणू चुलीत फुंकर घालून बघावं, धरलं की नाही. तिसरा नकार सगळ्यात मोठा होता. आजोबांचं काम करणाऱ्या नटाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खुर्चीत एकदम ताठ झाला आणि कागदावर होतं त्यापेक्षा कितीतरी जोरात ओरडला, "या घरात अजून मी आहे. मुलगा जाईल."

व्हियाल सावकाश वळला, चुलीपुढच्या बुटक्या स्टुलावर बसला आणि चिमटा हातात घेतला. कॅमेऱ्यासमोर फक्त त्याची पाठ होती: जाड लोकरीचा अंगरखा, घामानं भिजलेली मान. एक ओंडका त्यानं आत सारला, मग तोच परत बाहेर ओढला, मग पुन्हा आत. यान 'कट' म्हणायला विसरला. रीळ संपेपर्यंत कॅमेरा त्या पाठीकडे बघत राहिला.

दिवे विझले तेव्हा यान कॅमेऱ्यामागून बाहेर आला.

"पाठीत काय केलंत तुम्ही?" त्यानं व्हियालला विचारलं. "अंगावर काटा आला माझ्या. काय होतं ते?"

"काही नाही," व्हियाल म्हणाला. "लाकडं सारली."

यान बाझिलकडे वळला. पण निर्माता तिथे नव्हता. दाराजवळच्या खुर्चीशेजारी, उंबऱ्यावर, तो लहान मुलासारखा गुडघे जवळ घेऊन बसला होता. त्यानं मान वर करून बाईंकडे बघितलं.

बाईंनी थोडा विचार केला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण तेओफिलनं याहून बरं केलं होतं."